जुन्या लग्नपत्रिकेतला मासा

पावसामुळे मुलं घरात अडकली की मोबाइलचा हट्ट सुरू होतो. अशा वेळी एखादी जुनी लग्नपत्रिका शोधा. जाड कागद मधोमध दुमडा, घडीवर अर्धा मासा काढा आणि कात्रीने कापा. घडी उघडली की स्टेन्सिल तयार! दारात रांगोळीचा छाप वापरतो, तसाच हा. मथुरा-वृंदावनची सांझी कलाही अशाच कापलेल्या कागदातून साकारते.

कापण्याचं काम तुम्ही करा, रंगवणं मुलांवर सोपवा. स्टेन्सिल चिकटपट्टीने कागदावर बसवा. ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा द्या. रंगात पाणी घालू नका. पातळ रंग कडेखाली झिरपतो. स्पंज घासायचा नाही, नुसता टपटप टेकवायचा. कापून निघालेला मासाही जपून ठेवा. तो कागदावर ठेवून भोवती रंग लावला की मधे पांढरा मासा उरतो.

इतकं करूनही रंग थोडा पसरेलच. तुमचे हात शिवशिवतील, पण चित्र नीट करून देऊ नका. तुम्ही दुरुस्त केलेला मासा सुबक दिसेल, पण मग तो मुलाचा राहणार नाही. शेपटी फिसकटलेला त्याचा मासाच फ्रीजवर लावा.