ॲमेथिस्ट

क्वॉर्ट्‌झ (गार) या खनिजाचा जांभळा, रत्न म्हणून वापरला जाणारा प्रकार. व्यापारात यास जमुनिया किंवा कटेला असेही म्हणतात. नवरत्नांत याची गणना होत नाही. हे उपरत्न होय.

गुणधर्म : स्फटिक षट्‌कोणी प्रचिनाकार, टोकाशी निमुळते. पाटन नाही. भंजन शंखाभ. कठिनता ७. वि. गु. २·६५. चमक काचेसारखी. पारदर्शक ते पारभासी. कस पांढरा. रंग फिकट गुलाबी-जांभळा ते गर्द जांभळा. एकाच स्फटिकात तो पुष्कळदा पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त असतो. रासायनिक दृष्ट्या हे सिलिकॉन डायऑक्साइड असते.

शुद्ध क्वॉर्ट्‌झ रंगहीन असते. ॲमेथिस्टाच्या स्फटिकात काही सिलिकॉन अणूंच्या जागी लोहाचे अणू आलेले असतात. पण केवळ तेवढ्याने जांभळा रंग येत नाही. भोवतालच्या खडकांतील पोटॅशियमासारख्या मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गाचा दीर्घकाळ परिणाम होऊन लोहाच्या इलेक्ट्रॉनी संरचनेत बदल होतो व प्रकाशातील पिवळा-हिरवा भाग शोषला जाऊन स्फटिक जांभळा दिसतो. सु. ४००° ते ५००° से. पर्यंत तापविल्यास हा बदल नाहीसा होऊन रंग बहुधा पिवळा वा तपकिरी होतो. प्रखर उन्हात फार काळ राहिल्यासही रंग फिका पडू शकतो.

उत्पत्ती : ज्वालामुखीतून आलेला लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहतात. पुढे या पोकळ्यांत विद्राव शिरतात व त्यांतील द्रव्ये भिंतींवर थराथराने साचतात. बाहेरच्या बाजूस बहुधा अगेट व आत मध्याकडे टोके असलेले क्वॉर्ट्‌झाचे स्फटिक अशी रचना आढळते. लोह व किरणोत्सर्ग यांची जोड मिळाल्यास हे स्फटिक जांभळे होतात.

महाराष्ट्राचा बराच भाग व्यापणारे दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट खडक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांत अशा पोकळ्या विपुल आहेत. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग याच खडकांनी व्यापलेला आहे. तेथील समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असलेल्या टेकडीवर गोल खडे मोठ्या प्रमाणात सापडतात. संताची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळ वगैरे माल शापाने दगड झाला, अशी त्यांविषयी आख्यायिका आहे. वस्तुतः ते बेसाल्टातील पोकळ्यांत साचलेले झिओलाइटाचे गोळे होत. भोवतालचा खडक झिजल्याने ते सुटे झाले. हे खडे ॲमेथिस्ट नव्हेत. झिओलाइटात सिलिकाखेरीज ॲल्युमिनियम, कॅल्शियम वा सोडियम आणि पाणी असते. तथापि दोहोंच्या घडणीची रीत एकच आहे. पोकळीत कोणता विद्राव शिरला यावर साधा खडा की रत्न हे ठरते.

आढळ : दक्षिण ट्रॅपमध्ये जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यांत ॲमेथिस्ट मिळते. जगात ब्राझीलचा दक्षिण भाग व उरुग्वाय येथील बेसाल्टांतील साठे सर्वांत प्रसिद्ध आहेत. झँबिया व रशियातील उरल पर्वत येथेही ते आढळते. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधून भरपूर माल येऊ लागण्यापूर्वी हे मौल्यवान रत्नांत गणले जाई. नंतर त्याची किंमत बरीच उतरली.

पारख व उपयोग : अंगठ्या, माळा व शोभेच्या वस्तूंसाठी वापर होतो. नीलमाऐवजी हे धारण करण्याचीही प्रथा आहे. तापवून पिवळे केलेले ॲमेथिस्ट सिट्रीन म्हणून विकले जाते. ॲमेथिस्टाने काचेवर ओरखडा उठतो. रंगीत काचेच्या नकली खड्याने सहसा उठत नाही. मात्र १९७० नंतरच्या दशकांत व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागलेल्या कृत्रिम ॲमेथिस्टाचे संघटन, कठिनता व वि. गु. नैसर्गिकासारखीच असल्याने ही कसोटी तेथे चालत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत अंतर्गत रचनेची तपासणी करावी लागते.

‘मद न चढणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. हे रत्न जवळ असल्यास मद्याची नशा चढत नाही, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती.