घरी मिलिंग मशीन घेताय? आधी कॉलम बघा

स्वस्तातलं मिलिंग मशीन बघताना बहुतेक जण आधी मोटरचा एचपी विचारतात. माझं सांगणं, आधी कॉलम बघा. गोल कॉलमचं मिल-ड्रिल कमी पैशात मिळतं, पण लांब ड्रिल लावायला हेड वर घेतलं की ते कॉलमभोवती फिरतं आणि धरलेलं सेंटर जातं. मग पुन्हा एज फाइंडर लावून शोधत बसा! डव्हटेल कॉलमवर हेड सरळ वरखाली सरकतं. मशीन लहान असलं तरी चालेल, डव्हटेलच घ्या.

जुनं मशीन बघायला जाताना डायल गेज सोबत न्या. गेजचं टोक स्पिंडलच्या टेपरला आतून टेकवून स्पिंडल हाताने फिरवा, रनआउट लगेच कळतो. अशा मशीनला थ्री फेज मोटर असली आणि ती डेल्टामध्ये 230 व्होल्टवर जोडता येत असेल, तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) लावून ती घरच्या सिंगल फेजवर चालते.

आणि सगळं बजेट मशीनवरच उडवू नका. वाइस, कॉलेट, कटर यांचे पैसे आधीच बाजूला काढा.