हातावरचे पोट

गाण्याची बैठक संपून मंडळी चपला शोधू लागली म्हणजे एक प्रश्न हमखास कानांवर येतो : "तबल्यावर कोण होते हो?" हा प्रश्न ऐकून आम्हांस आनंद होतो आणि थोडे वाईटही वाटते. आनंद यासाठी की, साथ मनात भरल्यावाचून कोणी असे विचारीत नाही. वाईट यासाठी की, तीन तास डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाचे नाव अखेरीस शेजाऱ्याला विचारावे लागते. निवेदकाने ते एकदा घाईने घेतलेले असते आणि हस्तपत्रिकेवर तर ते पुष्कळदा 'साथसंगत' या एका शब्दाच्या पोटात गडप झालेले असते.

चामडे मढविलेले वाद्य वाजवून जो आपले घर चालवितो, त्याच्या धंद्याचा विचार या लेखात करावयाचा आहे. तालशास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाजविणाऱ्याच्या मिळकतीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही. ज्याची कमाई रोजच्या रोज हातांच्या श्रमावर चालते, त्याचे 'हातावर पोट आहे' असे आपण म्हणतो. वादकाच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे.

प्रथम हे काम किती कसबाचे आहे ते पाहू. तबल्याचा दायाँ गायकाच्या षड्जाला मिळवावा लागतो. आज काळी एकमध्ये गाणारे बुवा असतील, तर उद्या काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई असतील. म्हणजे एका तबल्यावर भागत नाही, निरनिराळ्या तोंडाचे दोन-चार बाळगावे लागतात. शाई उडाली, पुडी फाटली की खर्च आला. पखवाजाच्या धुम्याला प्रत्येक वेळी भिजविलेली कणीक लावावयाची आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावयाची. हलगी वाजविण्यापूर्वी जाळावर शेकून तिचे कातडे ताणून घ्यावे लागते. पावसाळी हवेत कातडे सैल पडते. म्हणून आषाढी वारीत मृदंग सांभाळणे हे तान्हे मूल सांभाळण्यासारखे असते. वादकाला मिळणाऱ्या पैशात ही सारी निगा, वर्षानुवर्षांचा रियाझ आणि प्रवास धरलेला असतो. देणाऱ्याला मात्र तेवढे दोन तासच दिसतात.

या धंद्याचे मूळ आपल्या गावगाड्यात आहे. गुरवाने देवळात वाजवावे, गोंधळ्याने संबळ वाजवावी, मांगाने लग्नात, मिरवणुकीत, देवाच्या पालखीपुढे हलगी वाजवावी, अशी वाटणी जन्मावरून ठरलेली होती. मोबदला म्हणून सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य, सणाला पोळी-भाकरी. दर ठरविण्याचा हक्क नव्हता आणि नाही म्हणण्याचाही नव्हता. ज्याच्या हलगीवाचून लग्नाची वरात निघत नसे, त्याला मांडवाच्या बाहेर बसावे लागे. ही गोष्ट कडू आहे. परंतु ती वगळून वादकांचा इतिहास सांगणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची सक्तीची कामे टाकून देण्यास सांगितले, तेव्हा अनेकांनी मेलेली जनावरे ओढणे जसे सोडले तसे गावासाठी वाजविणेही सोडले. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. काही रसिकांनी तेव्हा 'कला बुडाली' म्हणून हळहळ केली. आमच्या मते ती हळहळ एकांगी होती. जे वाजविणे नाकारता येत नाही, त्याला कला म्हणून गौरविण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. वादन हा मानाचा धंदा व्हावयाचा असेल, तर ते प्रथम नाकारता आले पाहिजे.

गावगाड्याबाहेर वादकाला जे आश्रय मिळाले, त्यांतील एक आमच्या अगदी जवळचा आहे. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगाव लागते. ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. ढोलकीफडाच्या तमाशाला ढोलकी आणि हलगी यांच्या सलामीनेच प्रारंभ होतो. कमरेला ढोलकी बांधून रात्रभर उभ्याने वाजवावयाचे, पहाटे सामान मोटारीत भरावयाचे आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा तीच सलामी द्यावयाची, असा हा क्रम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. पावसाळ्यात फड बंद. त्या महिन्यांची तोंडमिळवणी उचलीवर होते. वादक मालकाकडून उचल घेतो, मालक सावकाराकडून घेतो आणि पुढचा हंगाम मागचे देणे फेडण्यात जातो. एका वर्षी पाऊस लांबला, दुष्काळ पडला की जत्रा लहान होतात आणि ही साखळी तुटते. २०२० आणि २०२१ साली साथीच्या रोगाने जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा ती साफ तुटली. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) या राष्ट्रपतिपदक मिळविलेल्या कलावती. त्यांच्या नावाने आज राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पण त्यांचाही अखेरचा काळ पैशाच्या ओढाताणीत गेला. जिच्या नावावर तिकिटे खपली तिची ही गत, तर तिच्या मागे उभ्या असलेल्या ढोलकीवाल्याची काय कथा!

दुसरा आश्रय नाटक कंपनीचा. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १८९२ च्या सुमारास मुरादाबादेस जन्मलेला हा तबलजी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत पगारावर राहिला. कंपनीचा मुक्काम जेथे पडेल तेथे जेवणखाण, राहणे आणि ठरलेला पगार. रोज संध्याकाळी त्याच गवयाच्या गळ्याशी हात मिळवावयाचा. यातून ती साथ सिद्ध झाली, जिची आठवण मराठी रसिक अजून काढतात. नाटक कंपन्यांचे दिवस पालटले, तेव्हा थिरकवाखाँसाहेब रामपूरच्या दरबारी गेले. संस्थाने विलीन झाली, तेव्हा लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७६ साली ते वारले. कंपनी, दरबार आणि विद्यालय असे तीन आश्रय एका आयुष्यात त्यांच्यापुढे आले, आणि पहिले दोन त्यांच्या डोळ्यांदेखत मोडले. एवढ्या मोठ्या गुणी माणसाला पुन्हा पुन्हा नवा धनी शोधावा लागला. मग मध्यम गुणाच्या, पण प्रामाणिक वादकाने काय करावे?

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डी, भोसरी, निगडीच्या माळांवर कारखाने आले आणि नंतर ती रांग चाकणपर्यंत गेली. परंतु या पट्ट्याच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी आहे, हे विसरून चालणार नाही. भोंगा आणि मृदंग हे दोन्ही आवाज येथे एकाच वाऱ्यावर येतात. आळंदीस १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हापासून कीर्तनाबरोबर मृदंगाचेही शिक्षण घेण्यासाठी खेड्यापाड्यांतील मुले आळंदीस येत आली आहेत. सप्ताहाच्या दिवसांत चांगल्या मृदंगाचार्यास क्षणाची फुरसत नसते. येथे पैशाचा प्रश्न नाजूक होतो, कारण वाजविणे ही सेवा समजली जाते. सेवेला मोल नाही हे आम्हांसही मान्य आहे. पण गाडीभाड्याला आणि पुडीला मोल आहे. बुवांची बिदागी आधी ठरते आणि मृदंगवाल्याचे 'बघू नंतर' होते, ते काही सेवाभावाने होत नाही.

गणेशोत्सवातील ढोल-ताशांची गोष्ट निराळी आहे. पूर्वी मावळ-मुळशीकडच्या खेड्यांतून ढोल-लेझीमचे ताफे मिरवणुकीसाठी येत आणि चार पैसे गाठीला बांधून परत जात. १९७० नंतरच्या काळात पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी विद्यार्थ्यांची शिस्तबद्ध पथके उभी केली. मुली कमरेला ढोल बांधून रस्त्यावर आल्या. ज्या वाद्याला एका काळी जातीचा शिक्का होता, ते सर्वांचे झाले. ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु पथकातील मुलाला सप्टेंबरनंतर कॉलेज आहे, नोकरी आहे. तो हौसेने वाजवितो. ज्याला दुसरी नोकरी नाही, त्याच्या वर्षभराच्या कमाईचे हेच दहा दिवस असतात. हौशी वादकाने फुकट वाजविले की धंदेवाईकाचा दर पडतो, आणि लग्नसराईत त्याच्या जागी ध्वनिक्षेपकांच्या भिंती येतात. हौशीवर आमचा रोष नाही. त्याने आपल्या हौसेखाली कोणाचे पोट येते आहे एवढे ओळखावे, इतकेच म्हणणे आहे.

या नगरीत तासाचा हिशेब सर्वांना कळतो. पाळी आठ तासांची, जादा काम केले तर जादा वेतन, दणदणाटात काम असेल तर कानांत घालावयास बोळे, अपघात झाला तर विमा. हे सारे कामगाराने झगडून मिळविले आहे. पण हाच कामगार घरी लग्न काढतो, तेव्हा दारातल्या ताशेवाल्याशी पाच तास वाजवून झाल्यावर घासाघीस करतो. ताशेवाल्याचे कान ताशापाशी उघडेच असतात. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही की आजारपणाची रजा नाही. उजव्या हाताच्या बोटाला जखम झाली तर तबलजीचा कारखानाच बंद पडतो. जे आपण मालकाकडून मागून घेतले, ते आपण मालक झाल्यावर देत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे.

आता आरंभी सांगितलेल्या नावाकडे पुन्हा येऊ. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. तिचा लाभ मागावयाचा तर आपण इतकी वर्षे कला केली याचे पुरावे जोडावे लागतात : कार्यक्रमांच्या पत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. गवयापाशी ती असतात. ज्याने त्याच्याशेजारी बसून तीस वर्षे वाजविले, त्याचे नाव पत्रिकेवर कधी छापलेच नसेल, तर त्याने कोणता कागद जोडावा? बोटांवरचे घट्टे अर्जाला जोडता येत नाहीत. पत्रिकेवर नाव न छापणे ही वरवर लहान वाटणारी चूक आहे. म्हातारपणी तिची किंमत वादकाला दरमहा मोजावी लागते.

आमच्या सूचना यामुळे अगदी साध्या आहेत आणि त्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या मंडळाने, देवस्थानाने किंवा गृहस्थाने वादक बोलवावा, त्याने दर आधी ठरवावा, शक्य तर कागदावर लिहावा आणि कार्यक्रमाच्या दिवशीच पैसे द्यावेत. प्रवास आणि जेवण दरात धरू नये. पत्रिकेवर मुख्य कलावंताखाली वादकाचे पूर्ण नाव वाद्यासह छापावे. त्याला दोन ओळी जादा लागतात, जादा खर्च लागत नाही. तीच पत्रिका त्याच्या हाती द्यावी. आणि वादकांनीही 'द्या काय द्यायचे ते' हे जुने बोलणे सोडावे. त्या बोलण्यात नम्रता कमी आणि खळ्यावरच्या बलुत्याची आठवण अधिक आहे.

पुढच्या बैठकीस जाल तेव्हा "तबल्यावर कोण होते?" हा प्रश्न उठताना विचारू नका. आत शिरतानाच पत्रिका हाती घ्या. तीत वादकाचे नाव नसेल, तर ते चालकांना तेथेच विचारा. चार ठिकाणी चार श्रोत्यांनी असे विचारले, तर पाचव्या पत्रिकेवर ते नाव आपोआप छापले जाईल.