तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कचे किती दरवाजे उघडे आहेत?

शाळा असो, ट्रस्ट असो, पतसंस्था असो की छोटा दवाखाना, चार-पाच कॉम्प्युटर, एक राउटर, एक प्रिंटर आता सगळीकडे असतो. त्या कॉम्प्युटरमध्ये मुलांची नावं, आधार नंबर, स्कॉलरशिपसाठी दिलेली बँक खाती असतात. पालकांनी भरवशाने दिलेली ही अमानत आहे. कागदांच्या कपाटाला आपण कुलूप लावतो. नेटवर्कचा विषय काढला की मात्र उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे कोण येतंय चोरी करायला?"

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला तेव्हा त्याने कोणाचं नाव-गाव विचारलं नाही. विंडोजमध्ये फाइल शेअरिंगसाठी ४४५ नंबरचा पोर्ट असतो. तो जिथे उघडा आणि अपडेट न केलेला सापडला, तिथे हा प्रोग्राम आपोआप शिरला, फायली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागू लागला. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती!

पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचा नंबर दिलेला दरवाजा. असे ६५,५३५ दरवाजे असतात. सुरक्षित वेबसाइट ४४३ वरून चालते, लिनक्सवर दुरून लॉगिन करायला २२. आपल्या मशीनचे कोणते उघडे आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवणारं साधन म्हणजे एनमॅप. गॉर्डन लायन यांनी ते १९९७ मध्ये जाहीर केलं. ते फुकट आहेच, शिवाय त्याचा कोडही कोणालाही वाचता येतो. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. एनमॅप नेहमीचे हजार दरवाजे ठोठावून पाहतो आणि यादी देतो: हा ओपन, हा क्लोज्ड, इथे मध्ये फायरवॉल आहे. जुन्या सीसीटीव्ही डब्याचा २३ नंबर उघडा, प्रिंटरचं सेटिंग पान बिनपासवर्डचं, असली बिनकामाची दारं याच यादीत सापडतात. मग ती बंद करायची. खर्च शून्य, वेळ एखाद्या दुपारचा.

दुसरं साधन वायरशार्क. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये 'इथेरियल' नावाने सुरू केलेलं, २००६ पासून या नावाने ओळखलं जातं. तारेतून जाणारी माहिती ते तुकड्या-तुकड्याने उघडून दाखवतं. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलपाच्या चिन्हाशिवाय चालणाऱ्या पानावर टाकलेला पासवर्ड त्यात सरळ अक्षरांत दिसतो. मुलांना एकदा आपल्याच प्रयोगशाळेत हे दाखवा, पुढे लेक्चर द्यावं लागत नाही. लिनक्स सर्व्हर असेल तर फेल-टू-बॅनही लावावं. कोणी पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकू लागला की ते त्याचा पत्ता काही वेळ अडवतं.

आता पालक विचारतील, हे चोरालाही फुकटच मिळतं ना? मिळतं. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वीत्से व्हेनेमा यांनी 'सेटन' नावाचं तपासणीचं साधन जाहीर केलं, तेव्हाही हीच ओरड झाली होती. पण चोराकडे हत्यारं आधीपासून असतातच. राखणदाराच्या हातात काही नसलं तर नुकसान त्याचंच.

तरीही कोड उघडा आहे म्हणून डोळे मिटून भरवसा ठेवू नये. लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या सॉफ्टवेअरचं काम मुख्यतः एक स्वयंसेवक पाहत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं त्याला मदत केली, भरवसा कमावला आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केलं. अर्धा सेकंद! आपण तर कॉम्प्युटर मिनिटभर अडकला तरी चहा प्यायला उठतो. बंद कोड असता तर इतकं खोदता आलं असतं का, मला शंका आहे. म्हणून साधन मूळ संस्थेच्या साइटवरूनच घ्यावं, कोणी पेन ड्राइव्हमध्ये आणून दिलेलं लावू नये.

बारावीनंतर या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुला-मुलींना एक गोष्ट ठणकावून सांगा: इजाजत. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरणं आपल्या आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचा वायफाय, कॉलेजचा सर्व्हर, 'गंमत म्हणून' काहीही नको. संस्थेचं नेटवर्क तपासायचं तर संस्थाचालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

सरावासाठी घरचा राउटर आणि जुना लॅपटॉप पुरतो. बाहेरचं काही तपासून पाहायचंच असेल तर एनमॅपवाल्यांनी 'स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग' हा सर्व्हर मुद्दाम मोकळा ठेवला आहे. दिवसातून दोन-चार वेळा खुशाल तपासा, शंभरदा नको, एवढीच त्यांची अट आहे.