जिथे रंग झिजला आहे

कापूरहोळच्या फाट्यावर दोन पावसाळे वेगळे होतात. पश्चिमेचा रस्ता भोरकडे, भाटघरच्या पाण्याकडे आणि पुढे घाटमाथ्याच्या धुवांधार पावसात शिरतो. पूर्वेचा नारायणपूरवरून सासवडच्या कोरड्या माळाला लागतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन स्कूटरी इथून दोन दिशांना गेल्या असत्या, तर पन्नास वर्षांनी कोणती कुठे राहिली हे त्यांच्या पत्र्यावरूनच सांगता आलं असतं.

समजा, भोरकडची आपल्यासमोर उभी आहे. १९७३ची बजाज चेतक, पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलेली. आकुर्डीच्या कारखान्यात साठच्या दशकात इटलीच्या परवान्याखाली व्हेस्पा तयार व्हायची. तो करार संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. आता या गाडीच्या फूटबोर्डाकडे जरा वाकून बघा. उजवीकडे ब्रेकच्या पायाजवळ बुटाच्या टाचेनं रंग खाल्लाय. मधोमध गॅसच्या टाकीच्या कड्यानं कोरलेली अर्धी चंद्रकोर आहे. आणि अगदी पुढे, हँडलच्या दांड्याशी, दोन लहान गुळगुळीत जागा आहेत. तिथे मूल उभं राहायचं. शाळेपर्यंत, बाजारापर्यंत, आजोळापर्यंत. एवढं सगळं त्या पत्र्यानं टिपून ठेवलं आहे, आणि तेही एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीत. कारखान्यातून लागलेला सगळा रंग मिळून साधारण एवढाच जाड असतो, एक-दोन केसांइतका.

गॅरेजात नेली की पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळा रंग काढू, लांबी भरू, नवा रंग मारू, गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसेल. खरंच दिसेल. पण ती १९७३ची दिसणार नाही, आणि त्या दोन लहान जागा पॉलिश पेपरच्या पाण्याबरोबर गटारात जातील.

त्या रंगावरून बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागते, फळ्यावरून हात फिरवल्यासारखी. रंग म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण राळेच्या साखळ्या तोडत जातात, मग कण मोकळे होतात. हे घडतं मुख्यतः वरच्या थरात. खालचा रंग अजून घट्ट असतो. म्हणून आधी फक्त साफ करायचं, तेही सौम्य साबणाच्या पाण्यानं. संग्रहालयातले जतनतज्ज्ञ जुन्या चित्रांवरचा मळ काढायला कापसाच्या बोळ्यावर चक्क थुंकी वापरतात. पोर्तुगालच्या अभ्यासकांनी ती तपासली तेव्हा काम करणारं द्रव्य निघालं अमायलेज, आपल्या तोंडात भाकरीतल्या पिष्टाचं पचन सुरू करणारं तेच विकर. पॉलिश मात्र जपून करावं. दर वेळी थोडा रंग जातो, आणि मुळात तो आहेच किती?

गंजाचं गणित वेगळं. तांब्यावर चढणारा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि फुगतो: मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. रंगाखालून फोड येतात ते त्यामुळेच. चेतकमध्ये तो सगळ्यात आधी धरतो फूटबोर्डावरच्या रबरी पट्ट्यांखाली, कारण तिथे शिरलेलं पाणी वाळतच नाही. आणि या गाडीला पत्र्याआड वेगळा सांगाडा नाही. मूळ व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादीनो दास्कानियो विमानांचे अभियंते होते. त्यांनी दाबून घडवलेल्या पत्र्यालाच हाडं बनवलं. त्यामुळे फूटबोर्ड सडला तर नुसतं रूप जात नाही, गाडीचा कणा जातो. तिथे दुरुस्ती टाळता येत नाही.

इथे कारागिराचा कस लागतो. पोलाद वितळतं सुमारे १,५०० अंशांना; रंग त्याच्या कितीतरी आधी करपतो. म्हणून सडलेला तेवढाच तुकडा कापायचा, नवा पत्रा खालच्या बाजूनं बसवायचा, आणि सलग न जोडता एक ठिपका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये गार होऊ देत वेल्डिंग करायचं. सांध्यामागे तांब्याची जाड पट्टी धरायची, कारण तांबं पोलादाच्या सात-आठ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. भोवती ओलं फडकं ठेवायचं. त्यातलं पाणी वाफ होताना उष्णता पिऊन टाकतं. जोडापासून चार बोटांवर १९७३चा रंग शाबूत राहतो, हे मला आजही जादूसारखं वाटतं. पोचा असेल तर मागून, आधी किंचित ऊब देऊन, तांबटआळीत भांडी मठारतात तशा असंख्य हलक्या ठोक्यांनी तो बाहेर काढायचा. एकच जोरकस ठोका पडला तर जुना, ठिसूळ रंग तडकतो.

राहिला वरवरचा गंज, भोक न पडलेला. सह्याद्रीच्या रानात हिरड्याची झाडं आहेत. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की काळी शाई तयार होते, कारण हिरड्यातलं टॅनिन हिराकसमधल्या लोखंडाला धरून निळसर काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनवतं. गंज रोखायच्या कित्येक द्रावणांत हेच टॅनिक आम्ल असतं. लावलं की तांबूस गंज डोळ्यांदेखत काळा पडतो. शाईचं आणि गंजावरच्या औषधाचं रसायन एकच! त्यावर मेणाचा पातळ हात मात्र हवाच. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्यानं गंजू लागतं, आणि भोरच्या आषाढात ती त्याहून खाली येते कधी?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, ही तिची अट. म्हणजे पत्र्याची काळजी नियमानं घेतली. रंगाची मालकानं घ्यायची.

शेवटी नव्या तुकड्यावर रंग जुळवायची वेळ येते. इंजिनावरचं झाकण काढून आतली बाजू बघितली, तर ऊन कधीच न लागलेला, गडद, ओलसर वाटावा असा निळा दिसतो. तो जुळवायचा नाही. पॅचला लागतो बाहेरचा, विटलेला, फिकट निळा, तोही भर दुपारच्या उजेडात डब्यात थेंबाथेंबानं पांढरा आणि करडा घालत. मग झाकण पुन्हा बसवायचं. दोन्ही निळे एकाच डब्यातून, एकाच दिवशी लागलेले.