‘बदलापूर आली’ : मुंबईच्या उपनगरी प्रवासाच्या भाषेविषयी काही निरीक्षणे

महानगरातील रेल्वेप्रवास आणि त्यातील नित्याचे क्लेश हा विषय सामान्यतः नगररचनाकार व वाहतूकतज्ज्ञ यांचा समजला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे दररोज लक्षावधी माणसे, परस्परांची ओळख नसताना, ठराविक अडचणींत सापडून ठराविक गोष्टी एकमेकांस विचारतात व सांगतात, तेथे एक स्वतंत्र भाषाव्यवहार निर्माण होणे अपरिहार्य असते. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, तेव्हापासून या व्यवहारास प्रारंभ झाला असे मानावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखातील सामग्री पद्धतशीर सर्वेक्षणाने मिळविलेली नाही. गेली अनेक वर्षे महाविद्यालयात जाता-येता लेखिकेच्या कानांवर जे पडत गेले, त्याची ही टिपणे होत. ती बहुतांशी महिलांच्या डब्यातील आहेत, ही मर्यादाही प्रथमच नमूद केलेली बरी.

आरंभी एका शब्दाविषयी. ‘सबवे’ हा शब्द न्यूयॉर्कच्या माणसाने उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे भूमिगत आगगाडी उभी राहते. मुंबईकराच्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहते. आपल्याकडे ‘सबवे’ म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता किंवा पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग. आणि अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावे पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याच्या बातमीखेरीज क्वचितच कानी पडतात. शहरात भूमिगत गाडी प्रत्यक्ष आली, तेव्हा तिच्यासाठी हा शब्द मोकळा उरलेला नव्हता. तिला ‘भुयारी मेट्रो’ म्हणावे लागले.

आता मुख्य विषयाकडे वळू. फलाटावर उभा असलेला प्रवासी म्हणतो, ‘बदलापूर आली.’ तोच प्रवासी तासाभराने डब्यातून बाहेर डोकावून म्हणतो, ‘बदलापूर आलं.’ पहिल्या वाक्यात बदलापूर ही गाडी आहे, दुसऱ्यात ते गाव आहे. शब्द एकच, परंतु क्रियापदाच्या लिंगाने अर्थ पृथक् झाला. मराठीत व्यंजनान्त ग्रामनामे प्रायः नपुंसकलिंगी वागतात, आणि ‘गाडी’ किंवा ‘लोकल’ हा स्त्रीलिंगी शब्द अध्याहृत ठेवला की तेच नाव स्त्रीलिंगी होते. कर्जत गेली, विरार भरली, पनवेल रद्द झाली. या वाक्यांवरून त्या गावांवर काही आपत्ती कोसळली असे कोणी मानीत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत लिंगव्यवस्थेचे वर्णन पुष्कळदा निरुपयोगी अलंकारासारखे केलेले आढळते. येथे ती गर्दीच्या वेळी काम करताना दिसते.

मौज अशी की, ज्या गावांची नावे मुळातच स्त्रीलिंगी आहेत तेथे ही युक्ती निष्फळ ठरते. ‘डोंबिवली आली’, ‘अंधेरी आली’, ‘बोरिवली आली’ या वाक्यांचे दोन्ही अर्थ संभवतात. फलाटावर उभा असलेला मनुष्य गाडीविषयी बोलतो आणि गाडीत बसलेला स्थानकाविषयी, एवढ्यावर सहसा निभावते. परंतु गाडी एखाद्या मधल्या स्थानकात उभी असताना डब्यात कोणी ‘डोंबिवली आली’ म्हणाले, आणि शेजारच्या रुळावर त्याच क्षणी डोंबिवली लोकल शिरत असली, म्हणजे पेंगुळलेली एखादी बाई दचकून पिशव्या उचलू लागते. असा प्रसंग मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. अनुभवी प्रवासी म्हणूनच अशा नावांपुढे ‘लोकल’ हा शब्द जोडतात, किंवा ‘डोंबिवली लागली आहे’ असे म्हणतात. या बोलीत ‘लागणे’ म्हणजे गाडी इंडिकेटरवर दर्शविली जाणे अथवा फलाटास येऊन उभी राहणे.

गावांप्रमाणेच वेळांचीही विशेषनामे झालेली आहेत. ‘आठ-सतराची लोकल’ हिचे प्रथम ‘आठ-सतराची’ आणि नंतर केवळ ‘आठ-सतरा’ झाले. हा आकडा आता घड्याळातील क्षण दर्शवीत नाही, एक वस्तू दर्शवितो; आणि म्हणूनच ‘आज आठ-सतरा साडेआठला आली’ हे वाक्य कोणासही विसंगत वाटत नाही. त्या वाक्यातील तक्रारसुद्धा या दोन अर्थांच्या अंतरातूनच निर्माण होते. आठ-सतराचे ठरलेले सोबती असतात, त्यांची ठरलेली दारे असतात, काही डब्यांत भजनी मंडळे असतात. ‘ती आमच्या आठ-सतरातली’ असा परिचय करून दिला जातो, तेव्हा आडनाव विचारले जात नाही.

मेट्रोत असे नामकरण होताना मला अद्याप आढळले नाही. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाला. आरे ते कफ परेड हा सुमारे साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथे काही मिनिटांच्या अंतराने सारखीच गाडी येते. ‘मेट्रो आली’ एवढे पुरते. चुकली तर दुसरी आहे, म्हणून चुकलेल्या गाडीस नाव देण्याचे प्रयोजनच राहत नाही.

दुसरा विशेष विभक्तीसंबंधी आहे. प्रमाण मराठीत मनुष्य ‘दादरला’ उतरतो. डब्यात तो ‘दादर’ उतरतो. ‘दादर उतरणार?’ हा प्रश्न दाराशी दिवसातून सहस्रावधी वेळा विचारला जात असेल. मी या प्रवासास नवखी असताना पुढे उभ्या असलेल्या बाईंस ‘आपण कुर्ल्याला उतरणार आहात का?’ असे विचारले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहीपर्यंत कुर्ला येऊन गेला. घाई हे या प्रत्ययलोपाचे एक कारण खरेच. परंतु ते पुरेसे नाही, कारण ‘ला’ हा एकाक्षरी प्रत्यय उच्चारण्यास असा कितीसा वेळ लागतो? हिंदी व गुजराती या दोन्ही भाषांत अशा ठिकाणी स्थलनामास प्रत्यय लागत नाही, आणि त्यांच्या सान्निध्याचा परिणाम येथे निश्चित आहे. माझ्या मते याहून महत्त्वाचे कारण सामान्यरूपाचे आहे. मराठीत प्रत्यय लागताच नावाचे रूप पालटते : ठाण्याला, कुर्ल्याला, वांद्र्याला. ज्या सहप्रवाशाची मातृभाषा मराठी नाही, त्याच्या कानाला ‘वांद्र्याला’ या ध्वनिसमूहातून मूळ नाव उकलणे कठीण जाते. नाव अविकृत ठेवले की ते कोणत्याही भाषकास कळते. बहुभाषक गर्दीने आपल्या सोयीसाठी मराठीचे सामान्यरूप दारापाशी उतरवून ठेवले आहे. शुद्धतेच्या अभिमान्यांनी यावर रागावण्यापूर्वी सायंकाळी सहाच्या सुमारास त्या दारापाशी उभे राहून पाहावे.

महिलांच्या डब्यातील आसनव्यवहार हा याहूनही समृद्ध विषय आहे. तेथे आसन रिकामे होण्यापूर्वीच त्याचे हस्तांतर झालेले असते. ‘कुठे?’ — ‘ठाणे.’ — ‘मग मला.’ — ‘दिली आहे.’ — ‘कोणाला?’ — ‘त्या हिरव्या ड्रेसवाल्या ताईंना.’ — ‘मग त्यांची मला.’ या संपूर्ण संवादात ‘सीट’ हा शब्द एकदाही येत नाही. केवळ ‘दिली’ आणि ‘त्यांची’ यांच्या स्त्रीलिंगावरून तो कळतो. ‘कुठे?’ या एका क्रियाविशेषणात ‘आपण कोठे उतरणार आहात आणि आपले आसन कोणास दिले आहे काय?’ एवढा आशय सामावलेला असतो. लक्षात घेण्यासारखे असे की, येथील क्रियापदे ‘देणे’, ‘घेणे’, ‘सांगून ठेवणे’ ही आहेत, ‘बसणे’ नव्हे. भाषा मालमत्तेची आहे. तिघींच्या बाकाच्या टोकाशी अर्धवट टेकणाऱ्या चौथीची जागा ती ‘चौथी सीट’. ती मात्र दिली जात नाही, मागून घ्यावी लागते, आणि ती मागताना ‘काकू, जरा सरकता का?’ असे नाते जोडल्यावाचून भागत नाही. तीन जणींच्या कायदेशीर ताब्यातील बाकावर चौथीचा शिरकाव केवळ आप्तवाचक शब्दाच्या बळावर होतो. काकू, मावशी, ताई यांची निवड वयापेक्षा प्रसंगावर अवलंबून असते. भांडण पेटले की सर्वच नाती संपतात आणि ‘ओ बाई’ उरते.

प्रवाशांच्या या भाषेशेजारी प्रशासनाची भाषा ठेवून पाहिली असता मोठा विरोध जाणवतो. एक चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी राहिली की त्या स्थितीस रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी संज्ञा आहे. तीत मनुष्य कोठेही नाही. आहे तो भार. याच अनुभवास प्रवासी ‘चेपणे’ म्हणतात, ज्यात चेपला जाणारा देह निदान गृहीत धरलेला असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी वाहतूक बंद ठेवण्यास मध्य रेल्वेवर ‘मेगाब्लॉक’ आणि पश्चिम रेल्वेवर ‘जंबो ब्लॉक’ म्हणतात. त्यांपैकी पहिला शब्द मराठीत असा रुजला की, रविवारी पाहुणे येऊन दिवसाचे सर्व बेत रद्द झाले तर गृहिणीही ‘आज मेगाब्लॉक’ म्हणते. उद्घोषणांतील वाक्यरचना तर स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. ‘तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत’ हे वाक्य बहुधा गाड्या मुळीच धावत नसताना ऐकावयास मिळते. बिघाड आपोआप होतो, गैरसोय आपोआप होते. कर्ता कोठेच नसतो. फक्त दिलगीर होण्याच्या वेळी ‘आम्ही’ अवतरतो. या बाबतीत वृत्तपत्रे अधिक प्रामाणिक आहेत. ‘रखडपट्टी’ आणि ‘खोळंबा’ हे दोन नेमके शब्द त्यांनी उपनगरी रेल्वेच्या निमित्ताने रोजच्या वापरात ठेवले.

उद्घोषणा तीन भाषांत होतात आणि तिसरी संपण्यापूर्वी गाडी निघून जाते, अशी तक्रार नेहमीची आहे. शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा, भायखळा आणि बायकुला ही एकेकच स्थानके आहेत, हे नवख्यास उमगण्यास काही दिवस जातात हेही खरे. परंतु या पुनरुक्तीचा एक लाभ दुर्लक्षिला जातो. मराठीत ‘सहा’ आणि ‘दहा’ या फलाट-क्रमांकांत केवळ एका व्यंजनाचा भेद आहे. गोंगाटात तो बुडाला तर हिंदीतील ‘छह’ व ‘दस’ यांनी भरून निघतो. पूर्वी दादर येथे पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासूनच मोजले जात. ‘एक नंबर’ म्हटले की ‘कुठला?’ असा प्रतिप्रश्न अटळ असे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांस आठपासून पुढचे क्रमांक देण्यात आले आणि समनामतेची ही अडचण दूर झाली.

ऐकण्यातील चूक सदैव अशी निरुपद्रवी नसते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेच्या चौकशीत पावसामुळे जिन्यावर साचलेली गर्दी हे कारण देण्यात आले. त्याच काळात, त्या गर्दीतून वाचलेल्या एका मुलीचे निवेदन वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते : फुलांचे ओझे पडले तेव्हा ‘फूल गिर गया’ असे कोणी ओरडले आणि लोकांनी ते ‘पुल गिर गया’ असे ऐकले. निवेदन कितपत निर्णायक मानावे हा चौकशीचा प्रश्न होय. पूल अरुंद होता आणि त्यावरील माणसे त्याच्या शक्तीबाहेर होती, हे मूळ कारण कोणत्याही ध्वनिविचाराने झाकले जाऊ नये. परंतु असे ऐकले जाणे संभवनीय आहे काय, एवढे भाषाशास्त्र निश्चित सांगू शकते.

हिंदीत या दोन शब्दांत दोन भेद आहेत : एक, आरंभीचा अल्पप्राण ‘प’ आणि महाप्राण ‘फ’ यांचा, दुसरा, ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराचा. मराठीभाषकाच्या मनातील शब्द मात्र ‘पूल’ आणि ‘फूल’ हे असतात. दोन्हींत ऊकार दीर्घ. म्हणजे त्याच्या कानास स्वराचे साहाय्य नाही. केवळ एका महाप्राणावर सर्व भिस्त आहे, आणि महाप्राणातील निःश्वास, किंवा ‘फ’चा आजचा दन्तोष्ठ्य घर्षक उच्चार घेतला तर त्याचे घर्षण, पावसाच्या आवाजात सर्वांत आधी नाहीसे होणारे आहे. उरलेल्या वाक्यानेही मदत केली नसती, कारण हिंदीत दोन्ही शब्द पुल्लिंगी असल्याने ‘गिर गया’ दोहोंस सारखेच लागते. तेच वाक्य मराठीत असते तर ‘फूल पडलं’ आणि ‘पूल पडला’ असा अन्त्य स्वराचा भेद शिल्लक राहिला असता. म्हणजे ज्या लिंगभेदाने बदलापूर गाव आणि बदलापूर गाडी वेगळी होते, तोच येथे उपयोगी पडला असता. अर्थात बहुभाषक गर्दीत ओरडणारा मनुष्य हिंदीतच ओरडणार, हे वर दाराशी बोलल्या जाणाऱ्या भाषेविषयी जे सांगितले त्यावरून स्पष्ट आहे.

त्या स्थानकात सैन्याने उभारलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. वरील चार वाक्ये, दोन हिंदी व दोन मराठी, निरनिराळ्या वक्त्यांकडून मुद्रित करून पावसाच्या व गर्दीच्या आवाजात मराठी, हिंदी आणि गुजराती भाषकांस ऐकवून पाहावयाची, असा प्रयोग पुढील सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या साहाय्याने करण्याचे योजिले आहे. फलाट-क्रमांकांच्या जोड्याही त्यात घेतल्या जातील. उपनगरी गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या डब्यातील शब्द व वाक्ये, ऐकल्याची वेळ आणि स्थानक यांसह टिपून विभागाकडे द्यावीत. विशेषतः पुरुषांच्या डब्यातील सामग्री लेखिकेपाशी फारच थोडी आहे.