पानावरची राख

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या कडुनिंबाचे पान बोटाने पुसून पाहावे. बोट राखाडी होते आणि पुसल्या जागी हिरवा पट्टा उमटतो.

पान हा झाडाचा मुदपाकखाना. सूर्यप्रकाश ही त्याची चूल, पाणी व कर्बवायू हा शिधा. आणि कर्बवायू आत येण्याचे दरवाजे म्हणजे पानाच्या पाठीवरील डोळ्यांना न दिसणारी रंध्रे. सिमेंटच्या धुळीचा थर आधी प्रकाश अडवितो, मग काही रंध्रे बुजवितो आणि दवाने भिजला म्हणजे आपल्या जातिस्वभावानुसार पापुद्रा होऊन घट्ट बसतो. त्यातच वैशाखात पारा पंचेचाळिशीपलीकडे गेला, की उरलेले पाणी राखण्यासाठी झाड उघडी रंध्रेही मिटून घेते. तहान आवरताना त्याला उपास घडतो. आत तर आचारीच गोंधळतो: कर्बवायू उचलणारे प्रथिन अतिउष्णतेत चुकून प्राणवायूही अधिक वेळा उचलू लागते, आणि ती चूक निस्तरण्यात कमावलेली साखर खर्ची पडते. शेजारच्या जंगलातील सागाने उन्हाळ्यात पानेच गाळण्याचा तोडगा काढला आहे.

मृगाच्या सरींनी सैल धूळ धुऊन निघते, पापुद्रा मात्र सहसा निघत नाही. म्हणून धुळीचा बंदोबस्त धुराड्यापाशी आणि मालट्रकांच्या ताडपत्रीखालीच व्हावयास हवा.